एका नाण्यासाठी किती मोजायचे? नवख्या संग्राहकांसाठी पायरीपायरीने

हौसेला मोल नसतं म्हणतात. लिलावात मात्र ते असतं, आणि चारचौघांत पुकारलं जातं. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९३३ सालचं वीस डॉलरचं एक अमेरिकन सोन्याचं नाणं, ज्याला 'डबल ईगल' म्हणतात, सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. त्याआधी २०१३ मध्ये १७९४ सालच्या चांदीच्या एका डॉलरने एक कोटीचा टप्पा ओलांडला होता. अशा बातम्या वाचल्या की नव्या माणसाला एकतर वाटतं, हा आपला प्रांतच नाही. नाहीतर तो घरातला जुना डबा उपसायला घेतो. प्रत्यक्षात बहुतेक संग्राहक आयुष्यभर खिशाला परवडतील अशीच नाणी घेतात आणि मध्येच कधीतरी, एखाद्या नाण्यासाठी, नेहमीच्या कितीतरी पट पैसे मोजतात.

ती उडी कधी मारायची आणि किती उंच, याबद्दल हा लेख आहे. माझा नियम आधीच सांगून टाकतो: एका नाण्याची मर्यादा नुसत्या खिशावरून ठरवू नका, नजरेवरून ठरवा. ज्या नाण्यात काय काय खोट असू शकते हे तुम्ही स्वतः बोट ठेवून दाखवू शकता, त्याच नाण्यावर मोठी रक्कम लावा. खिशात दहापट पैसे असले तरी नजर तेवढी तयार नसेल, तर हात आखडता घ्या.

१. आधी आकडा, मग नाणं

नाणं समोर आल्यावर आकडा ठरवायला बसलात की तो आकडा नाणंच ठरवतं. म्हणून वर्षभरात या छंदावर किती घालवायचे ते आधी लिहून ठेवा. ही रक्कम बुडाली किंवा पाच-दहा वर्षं अडकून पडली तरी घरात कुणाचं काही अडणार नाही, इतकीच असावी. उसनवारीवर किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर नाणं घेऊ नका, यावर चर्चा नको.

आता त्यातलं एका नाण्यावर किती? पहिल्या वर्षी मी वार्षिक रकमेच्या पाचव्या हिश्शाच्या वर जायला सांगत नाही. कारण पहिल्या वर्षी तुमची आवड अजून ठरलेली नसते. आज रोमन, उद्या व्हिक्टोरिया राणी, परवा कुठल्या तरी बेटाची स्मारक नाणी. आवड एका विषयावर स्थिरावली, त्या विषयाची दोन-चार चांगली पुस्तकं वाचून झाली, की मग अख्ख्या वर्षाचे पैसे एका नाण्यावर घातले तरी ते वावगं नाही. उलट, जुने संग्राहक हेच सांगतात की दहा बऱ्या नाण्यांपेक्षा एक उत्तम नाणं घ्या. सल्ला खरा आहे, पण तो उत्तम नाणं ओळखणाऱ्यासाठी आहे.

२. एकाच नाण्याच्या पाच किमती

कुणी 'या नाण्याची किंमत काय?' असं विचारलं, तर 'कुठली किंमत?' असं उलट विचारावं लागतं.

धातूची किंमत ही सगळ्यात खालची पायरी. सोन्या-चांदीचं नाणं वितळवून जे मिळेल ते. कॅटलॉगची किंमत म्हणजे छापलेला अंदाज. ती तुलनेला बरी, पण बऱ्याचदा प्रत्यक्ष बाजाराच्या वर असते. मागितलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. ऑनलाइन कुणीतरी साध्या नाण्याला लाखांचा भाव लावून ठेवतो आणि मग त्याचे स्क्रीनशॉट फिरत राहतात. त्याला काडीचाही अर्थ नाही. चौथी किंमत प्रत्यक्ष विकलं गेलेल्या लिलावाची, आणि तुम्हाला हवी ती हीच. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकाल फोटोंसह नेटवर बघता येतात. एकाच प्रकारच्या, एकाच दर्जाच्या नाण्याचे गेल्या दोन-तीन वर्षांतले निकाल काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा, उरतो तो बाजार.

पाचवी किंमत लोक विसरतात: उद्या तेच नाणं तुम्ही विकायला गेलात तर व्यापारी काय देईल? त्याला दुकान चालवायचं असतं, त्यामुळे तो कमीच देणार, आणि त्यात लबाडी काही नाही. घेण्या-विकण्यातला हा फरक म्हणजे तुमच्या हौसेची फी. विकत घेण्यापूर्वी त्याच व्यापाऱ्याला सरळ विचारा, 'वर्षाने परत आणलं तर काय द्याल?' उत्तरापेक्षा उत्तर देताना तो किती चुळबुळ करतो ते बघा.

३. महाग होतं ते कशामुळे

सगळ्यात आधी वयाचा गैरसमज काढून टाका. चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी सोळाशे वर्षांची आहेत आणि साधारण स्थितीतली एखाद्या पुस्तकाच्या किमतीत मिळतात, कारण ती अफाट संख्येने पाडली गेली आणि अजून शेतांतून निघतात.

मग दुर्मीळ असेल ते महाग? हेही अर्धंच. किती नाणी पाडली आणि किती उरली, हे दोन वेगळे आकडे आहेत. १९३३ चे डबल ईगल ४ लाख ४५ हजार ५०० पाडले होते. पण त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने लोकांकडून सोनं जमा करून घेतलं, ही नाणी चलनात आलीच नाहीत आणि वितळवली गेली. जी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बाहेर निसटली, त्यांतल्या एकाचीच खासगी मालकी कायदेशीर ठरली, आणि तेच ते १ कोटी ८९ लाखांचं. उलट, जेमतेम एक लाख पाडलेला सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा १८९३ चा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर) महाग असला, तरी वापरून झिजलेल्या स्थितीत तो लिलावात वरचेवर दिसतो.

उरलेल्यांचा आकडाही पक्का नसतो, आणि इथे नवा माणूस सपशेल फसतो. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा मॉर्गन डॉलर घ्या. सुमारे साडेचव्वेचाळीस लाख पाडले होते, पण बहुतेक वितळवले गेले असं सगळे धरून चालले होते. न वापरलेल्या नाण्याची कॅटलॉग किंमत १९६२ मध्ये दीड हजार डॉलर होती. त्याच वर्षाच्या अखेरीला सरकारी तिजोरीतून याच नाण्यांच्या थैल्या बाहेर पडू लागल्या, आणि ज्यांनी पूर्ण भाव मोजला होता त्यांच्या हातात एक देखणा पण साधा चांदीचा डॉलर उरला. म्हणून एखादं नाणं दुर्मीळ आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न विचारा: का दुर्मीळ आहे? वितळवल्याची नोंद आहे, की नुसतं कुणाला दिसलं नाही म्हणून?

आणि शेवटी मागणी. जगात पाच-सहाच उरलेली, तरी मामुली भावात जाणारी कितीतरी प्राचीन ग्रीक गावांची नाणी आहेत. कारण ती हवी असणारे लोकही पाच-सहाच. याउलट ब्रिटनचा राजा आठव्या एडवर्डचं सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादी सोडली आणि त्याच्या चेहऱ्याची नाणी चलनात येण्याआधीच प्रकरण संपलं. मागे राहिलेल्या मोजक्या नमुन्यांपैकी एक २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकला गेला. सोनं त्यात जेमतेम आठ ग्रॅमच्या नाण्याइतकं. बाकी सगळं त्या गोष्टीचं मोल.

४. दर्जा: एका अंकाची उडी

नाण्याच्या स्थितीला १ ते ७० असे गुण देतात. ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. मूळ हिशेब असा होता की ७० गुणांचं नाणं १ गुणवाल्याच्या सत्तरपट किमतीचं असावं. आज ते प्रमाण कुठेच लागू नाही, पट्टी तेवढी टिकली. ६० ते ७० ही चलनात न फिरलेल्या नाण्यांची जागा, आणि पैशांचा खरा खेळ तिथेच चालतो. एखाद्या जुन्या नाण्याचा ६४ चा भाव आणि ६५ चा भाव यांत दुप्पट-तिप्पट अंतर असू शकतं. फरक काय? गालावरचा एक ओरखडा.

म्हणून पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या कंपन्या सुरू झाल्या. त्या नाणं तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून देतात. त्या डबीला 'स्लॅब' म्हणतात. महागड्या नाण्यासाठी स्लॅब असावा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्लॅबही नकली येतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाका आणि तिथल्या फोटोतला डाग न् डाग समोरच्या नाण्याशी जुळवा. नुसता क्रमांक सापडला म्हणून खूश होऊ नका, कारण नकली करणारे खऱ्या नाण्याचाच क्रमांक छापतात. दोन, सारखे गुण मिळालेली दोन नाणी सारखी नसतात. पैसे नाण्याचे द्या, लेबलचे देऊ नका.

आणि हा एक सापळा मला खास चीड आणणारा आहे: परवा-तेरवा पाडलेलं, लाखोंनी उपलब्ध असलेलं नाणं '७० गुण' म्हणून दहापट भावाला खपवणं. आधुनिक टांकसाळी इतक्या सफाईने काम करतात की निर्दोष नाणी ढिगाने निघतात. आज ७० गुणांची जी नाणी शंभर आहेत, ती पुढच्या वर्षी हजार झालेली असतात. या कप्प्यात मी तरी एक पैसाही जास्त मोजणार नाही.

५. टेबलावर काय हवं

- दहापट भिंग. दर्जा बघायला पाचपट पुरतं, पण खोट शोधायला दहाच.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा.
- व्यास आणि जाडी मोजायला कॅलिपर, प्लॅस्टिकचा घ्या, लोखंडी टोकं नाण्याला ओरबाडतात.
- एकच तीव्र बल्ब असलेला टेबल लॅम्प. छताची ट्यूबलाइट या कामाची नाही.
- छोटं पण ताकदवान चुंबक.
- मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. काही वर्षांनी त्यांतून चिकट हिरवट थर सुटतो आणि नाणं खातो.
- टेबलावर अंथरायला जाड मऊ कापड. हातातून सुटलेलं नाणं नेहमी कडेवरच पडतं.

आणि तुमच्या विषयाचं पुस्तक. नाण्याआधी पुस्तक घ्या, हा संग्राहकांमधला जुना सल्ला आहे आणि तो अजून कुणी खोटा पाडलेला नाही.

६. खरं की खोटं, धुतलेलं की अस्सल

दिव्याखाली नाणं कडेला धरून हळूहळू तिरकं फिरवा. चलनात न फिरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरताना दिसतो. ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला पसरला, त्याच्या बारीक रेषांची ही झळाळी. नाणं कुणी घासून लख्ख केलं असेल तर चमक असते, पण ती एका जागी थिजलेली असते, फिरत नाही. आणि भिंगातून मोकळ्या सपाट भागावर केसासारख्या समांतर रेघा दिसतात. असं घासलेलं नाणं निम्म्या भावालाही महाग. स्वतः तर नाणं कधीच घासू नका, कुठल्याही पावडरीने नाही, लिंबाने नाही.

खोटेपणाचे प्रकार अनेक, पण महागड्या नाण्यांत दोन जास्त भेटतात. पहिला ओतीव. भिंगाखाली पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, आणि कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ. दुसरा जास्त वाईट: खऱ्याच नाण्यात बदल. साध्या सालाच्या नाण्यावर टांकसाळीची खूण चिकटवतात किंवा सालातला आकडा कोरतात. अशा वेळी वजन, व्यास, धातू सगळं बरोबर येतं.

मघाशी सांगितलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९३ च्या डॉलरवर हा प्रयोग सर्रास होतो. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, नकलीचंही तेवढंच भरतं. पण या नाण्याच्या दर्शनी बाजूसाठी एकच ठसा वापरला होता, आणि त्या ठशाची खूण प्रत्येक खऱ्या नाण्यावर उमटली आहे: मुकुटपट्टीवरच्या 'लिबर्टी' शब्दातल्या टी अक्षराच्या माथ्यावर एक अगदी बारीक, तिरकी, उठावाची रेघ. ती शोधायला चांगला प्रकाश आणि थोडा धीर लागतो. फार झिजलेल्या नाण्यावर ती दिसणारही नाही. ज्या नाण्यासाठी मोठी रक्कम मोजणार, त्याची अशी एखादी खूण तुम्हाला पाठ असायला हवी.

चुंबक कुठे कामाला येतं, त्याचं नमुनेदार उदाहरण १९४३ चा अमेरिकन सेंट. युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून त्या वर्षीचे सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे काढले. चुकून तांब्याच्या चकत्यांवर पडलेले मोजकेच, आणि त्यांतल्या एकाला २०१० मध्ये १७ लाख डॉलर आले. साहजिकच पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवणाऱ्यांची कमी नाही. तो चुंबकाला चिकटतो, विषय संपला. पण १९४८ मधला ८ तासून ३ केलेला असेल तर चुंबक गप्प बसतं. तिथे आकड्याचा आकारच बघावा लागतो. सोन्याच्या बाबतीत वजनावरही विसंबता येत नाही, कारण टंगस्टनची घनता (१९.२५) सोन्याला (१९.३) जवळपास खेटून आहे.

तज्ज्ञही चुकतात, हे जाताजाता. निकेल म्हणजे पाच सेंटचं अमेरिकन नाणं. १९१३ सालच्या, जगात पाचच असलेल्या 'लिबर्टी' निकेलांपैकी एकाचा मालक १९६२ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याच्या वारसांना सांगण्यात आलं की हे नाणं अस्सल नाही. सुमारे चाळीस वर्षं ते कपाटात पडून राहिलं. २००३ मध्ये उरलेल्या चारांशेजारी ठेवून तपासलं तेव्हा ते खरं निघालं, आणि २०१३ मध्ये ३१ लाख डॉलरच्या वर गेलं. नकाराचं मतही दोनदा तपासून घ्यावं.

७. लिलाव: गणित उलटं मांडा

हातोडा पडतो ती रक्कम तुम्हाला द्यावी लागणारी रक्कम नसते. तिच्यावर खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन, म्हणजे 'बायर्स प्रीमियम', चढतं. ते बहुधा वीस टक्क्यांच्या आसपास. मग पोस्टेज, विमा, आयात शुल्क, कर. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनला ब्रूटसचं सोन्याचं प्रसिद्ध नाणं विकलं गेलं, सीझरच्या खुनाच्या आठवणीत पाडलेलं, दोन खंजीर आणि मध्ये टोपी असलेलं. हातोडा २७ लाख पौंडांवर पडला, आणि बिल झालं ३२ लाख ४० हजारांचं.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. समजा सगळं धरून तुमची कमाल १,००० आहे, चलन कुठलंही घ्या. पोस्ट आणि विम्याचे ४० वजा केले, उरले ९६०. वीस टक्के प्रीमियम धरून ९६० ला १.२ ने भागा. उत्तर ८००. तुमची शेवटची बोली ८००, पुढे एक टप्पाही नाही. आयात शुल्क किंवा कर लागत असेल तर तो आधीच वजा करा. याची चौकशी लिलावानंतर करणारे बरेच भेटतात.

ही बोली आदल्या दिवशीच लेखी टाकून ठेवा आणि थेट प्रक्षेपण बघू नका. ऐन रंगात 'आणखी एकच टप्पा' म्हणणारा आवाज फार गोड असतो. बोली लावण्याआधी नाणं प्रत्यक्ष बघता आलं तर उत्तम. नाहीतर तिरक्या प्रकाशातला व्हिडिओ मागा. आणि अटी वाचा: नाणं खोटं निघालं तर किती दिवसांत परत घेतील, आणि स्लॅबमधलं घेतील का?

८. कागदपत्रं

वर सांगितलेल्या ब्रूटसच्या नाण्याची पुढची हकीकत अशी की त्याच्या पूर्वीच्या मालकांचा इतिहास बनावट निघाला आणि मार्च २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. नाणं शंभर नंबरी खरं होतं, तरी खरेदीदाराच्या हातातून गेलं. १९३३ चे आणखी दहा डबल ईगल एका कुटुंबाने २००४ मध्ये तपासणीसाठी सरकारकडे दिले, आणि न्यायालयाने ते सरकारचेच ठरवले. प्राचीन नाणं असेल, तर डोळ्यांत तेल घालून मालकीचा इतिहास बघा.

मोठी खरेदी करताना हे कागद हातात असल्याशिवाय पैसे सोडू नका:

- नाण्याचं वर्णन, वजन, साल, टांकसाळ आणि दर्जा लिहिलेलं सहीचं बिल. 'जुनं नाणं, १ नग' असं बिल कचरापेटीत जाण्याच्या लायकीचं.
- अस्सलपणाची लेखी हमी, मुदतीसह.
- आधीच्या मालकांचा माग: जुनी बिलं, जुन्या लिलावांचे कॅटलॉग. प्राचीन वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. त्याआधीपासून संग्रहात असल्याचा पुरावा असेल तर नाण्याला त्यामुळेच जास्त भाव येतो, आणि तो द्यायला हरकत नाही.
- दुसऱ्या देशातून येत असेल तर निर्यात परवाना.
- पैसे दिल्याची बँकेची नोंद. रोखीत मोठा व्यवहार करणाऱ्याने सूट देऊ केली, तरी ती घेऊ नका.

९. घेतल्यानंतर

पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहा, आणि परतीची मुदत संपायच्या आत एखाद्या तिऱ्हाईत जाणकाराला दाखवा. विक्रेत्याच्या मित्राला नव्हे. घरगुती विम्यात नाणी धरली जातात असं गृहीत धरू नका. बऱ्याच पॉलिसींत त्यांना फार कमी मर्यादा असते आणि वेगळी यादी द्यावी लागते.

एका वहीत प्रत्येक नाण्याला एक ओळ ठेवा: कधी घेतलं, कुणाकडून, सगळं धरून किती पडलं, आणि विकायचं झालं तर कुठे विकावं. ती वही कुठे आहे हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत असू द्या.